पांढऱ्या वस्त्रावरची खूण

प्रिय लीना आणि जोएल,

रिबूआत्या गेल्याला काल तीन आठवडे झाले. तुमच्या बाबांनी तुम्हाला ही बातमी सांगितली तेव्हा जोएलने म्हणे विचारलं, "चर्चच्या दारात आपल्याला अडवून ठेवायच्या, त्याच का?" हो, त्याच. आणि लीना, तुझं कार्ड शनिवारी पोचलं. त्यात तू लिहिलं आहेस, "आत्याआजी देवाला इतक्या घाबरायच्या का?" मी तीस वर्षं मुलींना इंग्रजी शिकवलं. मुलीने विचारलेल्या प्रश्नाला त्याच तासाला उत्तर द्यायचं, ही माझी शिस्त होती. तुझ्या प्रश्नाचं उत्तर मात्र एका कार्डात मावेना. इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्हाला वाचायला सोपं गेलं असतं. पण रिबूआत्यांशी माझं सगळं बोलणं, अगदी भांडणसुद्धा, मराठीत झालं. इंग्रजीत त्या दुसऱ्याच कुणी बाई होतील. अडेल तिथे बाबांना विचारा. आणि आताच का लिहिते, तर माझ्या मनावर एक ओझं आहे, आणि ते तुम्हाला सांगितल्याशिवाय मला पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी देवळात जाता यायचं नाही.

त्यांची माझी शेवटची भेट त्या गेल्या त्याच्या आदल्या दिवशीची, रविवारची. उपासना संपली होती, लोक पायऱ्यांवर गप्पा मारत उभे होते. आत्या काठी टेकत माझ्याजवळ आल्या आणि म्हणाल्या, "सुशीला, उद्या नक्की ये गं. उजवा हात वर जात नाही." मी म्हटलं, "येते वन्सं, सहाला येते." सहाला येते, असं मी म्हटलं होतं...

रिबेका हे त्यांचं बाप्तिस्म्याचं नाव. तुमच्या आजोबांच्या त्या थोरल्या बहीण. लग्नानंतर चार वर्षांत नवरा गेला, मूलबाळ नव्हतं, म्हणून माहेरी शरणपूरला परत आल्या. शिक्षण मराठी चौथीपर्यंत. मुलींच्या वसतिगृहात त्यांनी जन्मभर स्वयंपाक केला. तिथला त्यांचा आवाज रस्त्यावर ऐकू यायचा. वसतिगृहाच्या सेक्रेटरीबाईंनाही एकदा त्यांनी सुनावलं होतं, "बाई, डाळीत किडे आहेत ते मुलींना दिसतात, तुम्हाला चष्म्यातून दिसत नाहीत का?" चुलीमागे निघालेला साप त्यांनी उलथन्याने मारला होता. त्यांना कशालाही घाबरलेलं मी पाहिलंच नाही, एक जागा सोडून.

निवृत्त झाल्यावर चर्चच्या मंडळीने त्यांना देवळाच्या आवारात एक खोली दिली आणि प्रभूच्या मेजाची व्यवस्था त्यांच्या हवाली केली. महिन्याच्या पहिल्या रविवारी आपल्याकडे प्रभुभोजन, म्हणजे तुमचं कम्युनियन, असतं. मेजावर अंथरायचं लांब पांढरं वस्त्र आणि प्याला पुसायचे लहान रुमाल धुऊन, इस्त्री करून, कपाटात ठेवायचे, एवढंच ते काम. आत्यांनी ते असं अंगावर घेतलं की त्यांचा सगळा आठवडा त्याच्याभोवती फिरू लागला. शनिवारी दुपारनंतर त्या कुणाशी वाकडं बोलत नसत. आधी बोलल्या असतील तर त्याच संध्याकाळी त्या माणसाच्या दारात जाऊन मिटवून येत. "उद्या कुणाच्या घरी जायचंय, ठाऊक आहे ना?" असं म्हणत. संध्याकाळनंतर जेवण बंद. रविवारी सकाळी धुतलेलं पांढरं लुगडं, चपला पायरीखाली. आणि मग दारात थांबणं.

ते थांबणं तुम्ही पाहिलं आहे. उंबऱ्याशी उभ्या राहून त्या डोळे मिटत आणि श्वास अगदी संथ झाल्याशिवाय आत पाऊल टाकत नसत. मागे रांग लागायची. मी त्या वेळी मंडळीच्या समितीची चिटणीस होते. उपासना नऊला म्हणजे नऊला सुरू झाली पाहिजे हे मी ठरवलं होतं आणि बऱ्याच अंशी जमवलंही होतं. गीतांचे क्रमांक फळ्यावर, वाचकांची नावं टंकलेल्या यादीत, अर्पणाच्या थाळ्या कोण कुठून फिरवणार तेही लिहिलेलं. एकदा मी मागून हळूच म्हटलं, "वन्सं, माणसं खोळंबली आहेत. नऊला दोन मिनिटं कमी आहेत."

त्यांनी डोळे न उघडताच उत्तर दिलं, "खोळंबू देत. आपण काय एस.टी.त चढतोय?"

मागची माणसं हसली. मला राग आला. खरं सांगायचं तर मला त्यांची थोडी लाजच वाटायची. वाटायचं, हा अडाणीपणा आहे, देवाला कुणा जुन्या सरदारासारखं समजणं आहे. माझं वाचन बरंच होतं. प्रेमळ पिता, मुक्त प्रवेश, यावर महिला मंडळात मी टिपणंसुद्धा वाचली होती. उपासनेत मी बसायची ती एक डोळा घड्याळावर आणि दुसरा पंख्याच्या बटणावर ठेवून. पाळकसाहेब कृपेची वचनं म्हणत असताना माझ्या मनात चाललेलं असायचं की तिसऱ्या बाकावरचं गीतपुस्तक फाटलं आहे, बांधायला टाकलं पाहिजे.

सत्तरच्या दशकाच्या मधली वर्षं असतील. आत्या नांदगावला, त्यांच्या दिराच्या सुनेच्या बाळंतपणाला गेल्या. जाताना किल्ली माझ्याकडे दिली आणि म्हणाल्या, "रविवारनंतरची वस्त्रं तेवढी बघ." एवढंच बोलल्या. मी बघितली. सोमवारी सकाळी मेजावरचं वस्त्र आणि रुमाल घरच्या चादरींबरोबर गाठोड्यात बांधले आणि परटाकडे दिले. तो आमच्याकडे वर्षानुवर्षं येणारा, हाताचा स्वच्छ माणूस. गुरुवारी कपडे आले. वस्त्र असं कडक खळीचं, असं शुभ्र, की मी स्वतःवरच खूष झाले. घडी घालून कपाटात ठेवलं.

आत्या परत आल्या त्या दिवशी मी मुद्दाम त्यांच्याबरोबर गेले, शाबासकी मिळेल म्हणून. त्यांनी घडी उलगडली. हात फिरवत कोपऱ्याशी आल्या आणि थांबल्या. कोपऱ्यावर बिब्ब्याची काळी खूण होती : दोन ठिपके आणि खाली आडवी रेघ. प्रत्येक घराचे कपडे ओळखू यावेत म्हणून परीट घालतात तशी, आपल्या घराची खूण. आपल्या सगळ्या चादरींवर, उशांच्या अभ्र्यांवर तीच असायची.

"पहिलं पाणी कुठे टाकलंस?" त्यांनी विचारलं.

मला प्रश्नच कळला नाही. "कुठलं पाणी? परटाकडे दिलं होतं."

त्यांनी त्या खुणेवर अंगठा फिरवला. मग हळूच म्हणाल्या, "देवाच्या मेजाचं वस्त्र... त्यावर आपल्या घराचं नाव घातलं गं."

मी दुसऱ्या दिवशी परटाला गाठलं. तो बिचारा गोंधळला. म्हणाला, "बाई, खूण नाय घातली तर चुकामूक व्हती. तुमच्या गाठोड्यात व्हतं म्हून तुमचीच घातली. पन बिब्बा हाय, लय धुतलं तरी जायचं नाय." मी लिंबू लावलं, सोडा लावला, ऊन दिलं. खूण तशीच. नवं वस्त्र घेऊ म्हटलं, तर आत्यांनी मान हलवली. ते वस्त्र त्यांच्या आईने हाताने किनार घालून दिलेलं होतं आणि चाळीस वर्षं त्याच मेजावर होतं. त्या म्हणाल्या, "त्याचा काय गुन्हा म्हणून टाकायचं?"

पुढच्या महिन्यात पहिला रविवार आला. लोक ओळीने उठून वेदीपुढच्या कठड्याशी गुडघे टेकायला जाऊ लागले. आत्या दरवेळी पहिल्या ओळीत असायच्या. त्या दिवशी त्या सगळ्यात मागच्या बाकावर बसून राहिल्या, मान खाली. मला वाटलं तब्येत बरी नसेल. त्याच्या पुढच्या महिन्यातही तेच. तिसऱ्या महिन्यात बायकांनी मला विचारायला सुरुवात केली. "नणंद-भावजयीचं काही झालंय का?" मी नाही म्हटलं, पण आतून जळत होते. माझ्या लक्षात आलं होतं की ही मला दिलेली शिक्षा आहे, आणि तीही सगळ्या मंडळीसमोर. पाळकसाहेबांनी त्यांना जाऊन समजावलं, "रिबूबाई, शेवटी ते कापड आहे." त्या म्हणाल्या, "हो साहेब, कापडच आहे," आणि त्यांच्यासाठी चहा ठेवला. चौथ्या महिन्यातही त्या उठल्या नाहीत.

तुमच्या आजोबांना मी म्हटलं, "तुमच्या बहिणीला तुम्ही तरी सांगा." ते पेपर खाली न घेता म्हणाले, "मी दोघींच्या मध्ये पडत नाही. पडलो तर मला उचलणार कोण?"

मग मीच गेले. नोव्हेंबरातल्या त्याच रविवारची दुपार होती, आत्या खोलीबाहेर बाजेवर तांदूळ निवडत बसल्या होत्या. मी उभ्या उभ्याच सुरुवात केली. "वन्सं, चार महिने झाले. माझी चूक झाली, मी मान्य केली. लोकांसमोर अजून किती दिवस माझा सूड उगवणार आहात?"

त्यांनी सूप खाली ठेवलं. चेहऱ्यावर खरोखरच आश्चर्य होतं. "तुझा सूड? अगं, तुझ्यावर मी कशाला रागावू?"

"मग जात का नाही मेजाकडे?"

"वस्त्र माझ्या हवाली होतं, सुशीला. तुला एका शब्दाने सांगितलं नाही मी. शिकलेली आहे, तिला ठाऊक असेल, असं समजले. खरं तर..." इथे त्या थांबल्या. "खरं तर तुला सांगायला मला लाज वाटली. तू हसशील असं वाटलं. देवाच्या कामाची मला माणसापुढे लाज वाटली. मग कुठल्या तोंडाने जाऊ त्याच्यापुढे?"

मी बाजेवर बसले. मी हसले असते का? लीना, मी तुझ्याशी खोटं बोलणार नाही. मी हसले असते. निदान घरी येऊन आजोबांना गंमत म्हणून सांगितलं असतं.

"मग मला आता शिकवा," मी म्हटलं.

"हसणार नाहीस?"

"नाही."

"मग उद्या ये. सहाला. घड्याळ काढून ये."

त्या सोमवारी मी गेले. मेजाच्या कामाशिवाय कशाला न वापरलेलं पितळेचं एक घमेलं त्यांनी काढलं, चिंचेने घासून लखलखीत केलेलं. आधी आपले हात कोपरापर्यंत धुवायचे. मग रुमाल एक एक करून पाण्यात सोडायचा, चोळायचा नाही, पिळायचा नाही, नुसता वरखाली करायचा. प्रभूचं रक्त म्हणून घेतलेला प्याल्यातला द्राक्षारस लागलेला असतो, त्याचा फिका लालसर रंग पाण्यात उतरतो. ते पहिलं पाणी मोरीत जात नाही. खोलीमागे पांढरा चाफा आहे, त्याच्या मुळाशी हाताने माती सारून तिथे ते ओतायचं. साबण, खळ, इस्त्री, सगळं नंतर. या साऱ्या वेळात बोलायचं नाही. मी पाणी ओतलं तेव्हा माझ्या हातून घमेलं कलंडलं आणि थोडं पाणी त्यांच्या पायावर सांडलं. मला वाटलं आता ओरडतील. त्या खाली बसल्या आणि पदराने नाही, कोरड्या मातीने ते पाणी टिपून ती माती परत मुळाशी सारली. चौथी शिकलेल्या त्या बाईच्या हालचालीत इतकी काळजी होती, की मला पहिल्यांदाच जाणवलं, आपण इतकी वर्षं ज्या घरात वेळेवर येत होतो तिथे राहणाऱ्याची आठवण ठेवायचं आपल्याला सुचलंच नव्हतं.

डिसेंबरच्या पहिल्या रविवारी त्या माझ्या बाकाशी आल्या आणि म्हणाल्या, "चल." आम्ही दोघी बरोबर कठड्याकडे निघालो. त्यांनी माझं मनगट धरलं होतं. मला वाटलं मला आधार देतायत, पण त्यांचा हात गार पडला होता आणि थरथरत होता. बाहेर आल्यावर मी विचारलं, "वन्सं, इतके महिने गेला नव्हता म्हणून का हात कापत होता?"

"दर वेळी कापतो."

"इतक्या वर्षांनीही? सवय नाही होत?"

"सवय झाली तर काय राहिलं गं?" असं म्हणून त्या चपला शोधू लागल्या.

त्यानंतर मी समिती सोडली नाही, यादी टंकायचीही सोडली नाही. माणूस एवढं बदलत नाही. पण दर महिन्याच्या त्या सोमवारी सहाला मी जायची. आम्ही गंगापूर रोडला घर बांधलं तेव्हाही. त्या वेळी तिथे दोन्ही बाजूंना द्राक्षांचे मळे होते आणि सकाळी चिटपाखरू नसायचं. आत्यांना आम्ही किती वेळा म्हटलं, आमच्याकडे राहायला या. त्या म्हणायच्या, "तुझ्याकडे फरशी फार गुळगुळीत आहे." खरं कारण चाफा होता. ऐंशीनंतर देवळात लाउडस्पीकर आला, नवी गीतं आली, तरुण मुलं टाळ्या वाजवू लागली. मला वाटलं आत्या नाराज होतील. त्या म्हणाल्या, "वाजवू देत. पण आधी एकदा तरी गप्प बसू देत." तुम्ही दोघं तीन वर्षांपूर्वी आलात तेव्हा जोएल धावत दारातून आत निघाला होता आणि त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला होता. "थांब रे राजा. श्वास खाली बसू दे. मग जा, पळत जा हवं तर." जोएलला पहिलं वाक्य आठवतं, शेवटचं आठवत नाही. म्हणून मुद्दाम लिहिते.

आता त्या सोमवारचं.

गॅसचा नंबर लावून तीन आठवडे झाले होते. रविवारी संध्याकाळी निरोप आला की सोमवारी सकाळी सिलिंडर येईल, घरी कुणीतरी असू द्या. आजोबांना हल्ली दारावरची घंटा ऐकू येत नाही. मी हिशेब केला : सिलिंडर नऊपर्यंत येईल, दहाला आत्यांकडे पोचेन, वस्त्रं काही पळून जात नाहीत. सहाला मी स्वयंपाकघरातल्या घड्याळाकडे पाहिलंसुद्धा. आणि डबे पुसत बसले. साडेनऊला दारात रिक्षा थांबली. आत्यांच्या शेजारची सुमन उतरली आणि फाटकाशीच रडू लागली. "बाई, आत्या उठत नाहीत. मला वाटलं पाटावर बसल्या बसल्या डोळा लागला..."

मी पोचले तेव्हा त्यांना बाजेवर निजवलं होतं. लुगडं वर खोचलेलं, हात अजून ओलसर. मी पायाशी बसले. रडू येत नव्हतं. बायका जमल्या होत्या, माणसं येणार म्हणून सुमन खोली आवरायला लागली होती. तिने पाट भिंतीला लावला, खराटा घेतला, आणि कोपऱ्यातलं घमेलं उचलून मोरीकडे निघाली. त्यात पाणी होतं, आणि पाण्यात रुमाल.

"थांब!" मी इतक्या जोरात ओरडले की सगळ्या बायका दचकल्या. "सुमन, ते मोरीत नको."

मी घमेलं तिच्या हातून घेतलं. पाणी फिकट लाल झालं होतं. म्हणजे त्यांनी सहापर्यंत माझी वाट पाहिली, आणि मग न उचलणाऱ्या हाताने एकटीनेच सुरू केलं. चाफ्याच्या मुळाशी मी माती सारली आणि पाणी ओतलं. तिथे मला रडू आलं. मग आत जाऊन रुमाल साबणाने धुतले, दोरीवर टाकले, आणि त्यानंतर पाळकसाहेबांना निरोप पाठवायला सांगितलं. माझ्या आयुष्यात मी क्रम उलटा केला तो तेवढाच. सिलिंडर त्या दिवशी आलाच नाही.

दुसऱ्या दिवशी चारला अंत्यविधीची उपासना होती. पेटी खांद्यावर घेऊन सहा जण पायऱ्या चढले. पुढे पाळकसाहेब वचनं वाचत चालले होते. ते आत शिरलेसुद्धा. पेटी उंबऱ्याशी आली आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "जरा थांबा." खांदेकरी थांबले. पाळकसाहेब वळून पाहू लागले. मागे सगळी मंडळी पायऱ्यांवर उभी. कुणीतरी कुजबुजलं, "काय झालं?" तुमचे आजोबा माझ्या शेजारी होते. ते त्याला म्हणाले, "काही नाही. ताई दारात थांबते." किती वेळ गेला कोण जाणे, मी घड्याळ घातलं नव्हतं. सगळ्यांचा श्वास शांत झालेला मला ऐकू आला. मग मी मान हलवली, आणि त्यांना आत नेलं.

लीना, तुझ्या प्रश्नाचं माझं उत्तर असं आहे. आत्या देवाला घाबरत नव्हत्या. ज्याला घाबरतो त्याच्या घरी कुणी आदल्या दिवसापासून तयारी करून, सगळ्यांच्या आधी, पहिल्या ओळीत जात नाही. त्यांना ठाऊक होतं की आपण कुणापुढे उभे आहोत, आणि त्या जाणिवेनेच त्यांचा हात कापायचा. मी त्यांच्यापेक्षा पुष्कळ पुस्तकं वाचली, पण माझा हात त्यांच्या हातात असताना एकदाच कापला, आणि तोही बहुधा त्यांच्यामुळे. मी सहाला गेले असते तर त्या वाचल्या असत्या असं डॉक्टर म्हणत नाहीत. पण त्या एकट्या नसत्या. हे मला तुम्हाला सांगायचं होतं. पुढच्या पहिल्या रविवारी कठड्याकडे जाण्याआधी कुणाला तरी सांगायला हवं होतं, आणि ज्यांच्याकडे जाऊन मिटवायचं त्या राहिल्या नाहीत.

खोलीची किल्ली मंडळीने माझ्याकडे दिली आहे. घमेलं मी घरी आणलेलं नाही, ते तिथेच आहे. मेजावरचं वस्त्र किनारीशी थोडं विरलं आहे, पण अजून पाचसहा वर्षं जाईल. कोपऱ्यावरचे दोन ठिपके आणि आडवी रेघ अजून तशीच आहे. ती तुमच्याही घराची खूण आहे.

तुमची आजी